आकडा कोणी मोजला?

महाराष्ट्राची लोकसंख्या किती, असं इंटरनेटवर विचारलं की क्षणात उत्तरं हजर. एक सांगतं ११ कोटी २४ लाख, दुसरं साडेबारा कोटींच्या आसपास, तिसरं त्याहूनही पुढे जातं. यातलं एकही उत्तर खोटं असेलच असं नाही. पहिला आकडा २०११ च्या जनगणनेचा. दुसरा सरकारच्या तज्ज्ञगटाने पुढच्या वर्षांसाठी मांडलेल्या अंदाजाचा. तिसरा बहुधा कुणीतरी जुना वाढीचा दर लावून फुगवलेला. स्पर्धा परीक्षेची टिपणं काढणारा विद्यार्थी, ग्रामपंचायतीचा आराखडा लिहिणारा सदस्य, कर्जासाठी प्रकल्प अहवाल करणारा उद्योजक आणि बातमीला आकडा जोडणारा वार्ताहर, सगळे याच तिठ्यावर येऊन थांबतात. घाईत जो आकडा आधी दिसला तो उचलला जातो.

यावर एक सोपी सवय लावून घेता येते. विषय शोधखिडकीत टाकण्याआधी स्वतःला विचारायचं: आपल्या देशात ही गोष्ट मोजतं कोण? उत्तर मिळालं की शोध अर्धा संपतो, कारण मग हजार संकेतस्थळं चाळण्याऐवजी एकाच दारावर जायचं असतं. उरलेलं अर्धं काम आणखी तीन प्रश्नांत भागतं. नेमकं काय किंवा कोणाला मोजलं? केव्हा मोजलं? आणि प्रत्येकाला मोजलं, काहींना निवडून मोजलं, की गणिताने अंदाज बांधला?

'नेमकं काय मोजलं' या प्रश्नाचं वजन मुंबईच्या उदाहरणावरून कळतं. २०११ च्या जनगणनेत 'मुंबई' जिल्ह्याची लोकसंख्या ३०,८५,४११ आहे. हा फक्त शहर जिल्हा. उपनगर जिल्ह्याचे ९३,५६,९६२ त्यात मिळवले की बृहन्मुंबईचे १,२४,४२,३७३ होतात. आणि ठाणे, नवी मुंबई, कल्याणसह सलग पसरलेला नागरी समूह धरला तर आकडा १ कोटी ८४ लाखांच्या घरात जातो. तिन्ही आकडे एकाच जनगणनेचे, तिन्ही अधिकृत. पाण्याची दरडोई गरज काढताना चुकीची 'मुंबई' घेतली, तर पुढचं सगळं गणित सहापटीने फसू शकतं.

माणसं मोजणारे

लोकसंख्या, साक्षरता, घरं, स्थलांतर, भाषा, काम करणारे आणि न करणारे यांची प्रत्यक्ष मोजणी करतं ते महानिबंधक व जनगणना आयुक्तांचं कार्यालय. त्यांच्या जनगणना संकेतस्थळावर तक्ते एक्सेलच्या रूपात मिळतात. नवख्याने तिथे दोन गोष्टींपासून सुरुवात करावी. पहिली 'प्राथमिक जनगणना गोषवारा': यात गावपातळीपर्यंत कुटुंबं, स्त्री-पुरुष, सहा वर्षांपर्यंतची मुलं, अनुसूचित जाती-जमाती, साक्षर आणि कामकरी यांचे रकाने असतात. दुसरी 'जिल्हा जनगणना पुस्तिका': तिच्यात गावात शाळा, दवाखाना, बँक, पक्का रस्ता आहे का, याच्या नोंदी सापडतात. आपल्या गावाविषयी इतकी बारीक अधिकृत माहिती एका जागी दुसरीकडे क्वचितच मिळेल.

जनगणनेचे आकडे दोन टप्प्यांत येतात, हे बऱ्याच जणांच्या लक्षात राहत नाही. मोजणी होताच तात्पुरते आकडे जाहीर होतात आणि छाननीनंतर अंतिम. महाराष्ट्राचं लिंग गुणोत्तर तात्पुरत्या आकड्यांत दर हजार पुरुषांमागे ९२५ स्त्रिया होतं, अंतिम आकड्यांत ९२९ झालं. साक्षरतेचं उलट झालं: ८२.९ टक्क्यांवरून ती ८२.३ वर आली. मात्र पहिल्या दिवशी ठळक मथळ्यांत छापलेले तात्पुरते आकडेच पुढे वर्षानुवर्षं पुस्तकांतून फिरत राहिले. म्हणून तक्त्याच्या शीर्षकात 'तात्पुरते' हा शब्द आहे का, ते आधी पाहावं.

पुढचा खड्डा हद्दींचा. २०११ मध्ये ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ होती. पण १ ऑगस्ट २०१४ रोजी त्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. आजच्या ठाणे जिल्ह्याशी तुलना करायची तर २०११ चे तालुकावार आकडे घेऊन बेरीज नव्याने करावी लागते. १९९१ पासूनची मालिका लावणाऱ्याला नंदुरबार, वाशिम, हिंगोली आणि गोंदिया सापडणारच नाहीत, कारण ते १९९८-९९ मध्ये जन्मले. आणि छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर या नावांनी जुना तक्ता शोधला तर हाती काही लागत नाही. तिथे औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर हीच नावं टाकावी लागतात. गावांच्या बाबतीत नावावर विसंबण्यापेक्षा जनगणनेचा गावक्रमांक टिपून ठेवावा, कारण एकाच नावाची गावं एकाच तालुक्यातही असतात.

मराठी माणूस देशात कुठे कुठे पसरला आहे, हेही याच तक्त्यांत दिसतं. मातृभाषेच्या तक्त्यानुसार २०११ मध्ये मराठी भाषकांची संख्या ८,३०,२६,६८० होती, म्हणजे देशाच्या ६.८६ टक्के. इंदूर, बडोदा, बेळगाव किंवा हैदराबादच्या मराठी मंडळाला आपल्या भागाचा आकडा हवा असेल तर हा तक्ता राज्य आणि जिल्हावार पाहता येतो. तो फक्त मातृभाषा मोजतो. मराठी दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून जाणणाऱ्यांसाठी द्विभाषिकतेचा तक्ता निराळा आहे. दोघांची सरमिसळ केली की वादाला तोंड फुटतं.

वयानुसार तक्ते वापरणाऱ्याला एक गोष्ट चटकन दिसेल. एकेका वर्षाच्या रकान्यात ३०, ३५, ४०, ४५ या वयांपाशी आकडे एकदम उंचावतात आणि ३१ किंवा ३९ पाशी खाली येतात. त्या वर्षी जास्त मुलं जन्मली, असा याचा अर्थ नव्हे. जन्मतारीख ठाऊक नसलेली माणसं आपलं वय गोळाबेरीज करून सांगतात, म्हणून असं होतं. यासाठी पाच-पाच वर्षांचे गट करूनच आलेख काढावा.

२०२१ ची जनगणना कोविडमुळे झाली नाही. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेनुसार पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे, तर लडाखसारख्या बर्फाच्छादित प्रदेशांसाठी १ ऑक्टोबर २०२६. तिचे तक्ते हाती येईपर्यंत २०११ नंतरचा लोकसंख्येचा प्रत्येक आकडा हा अंदाजच, मग तो कितीही अधिकृत असो. सरकारी कामासाठी आरोग्य मंत्रालयाच्या लोकसंख्या आयोगाने नेमलेल्या तज्ज्ञगटाचा २०११ ते २०३६ या काळाचा अहवाल वापरावा. त्यात राज्यवार आकडे आहेत, आणि १ मार्च, १ जुलै असे निराळे संदर्भ दिनांक आहेत. त्यांतला कोणता घेतला, ते लिहावं.

'अमुक तालुका लोकसंख्या', पुढे चालू वर्ष, असं शीर्षक मिरवणारी पानं इंटरनेटवर गल्लोगल्ली आहेत. त्यांची परीक्षा सोपी आहे. पानावरच्या साक्षरता आणि लिंग गुणोत्तराच्या टक्केवाऱ्या २०११ च्या तक्त्याशी ताडून पाहा. दशांशापर्यंत जुळल्या तर समजावं की माल जुनाच आहे, वेष्टनावर फक्त तारीख नवी छापली आहे.

फार नेमका दिसणारा आकडाही जपून घ्यावा. भारत चीनला मागे टाकणार, हे सांगताना संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या विभागाने एप्रिल २०२३ अखेरची भारताची लोकसंख्या १,४२,५७,७५,८५० असेल असा अंदाज दिला होता. एककापर्यंतचा हा आकडा गणिताच्या प्रतिमानातून निघालेला आहे. त्याआधीची शेवटची प्रत्यक्ष मोजणी बारा वर्षांपूर्वीची होती. असा आकडा आपल्या लेखनात 'सुमारे १४२ कोटी ५० लाख' असा लिहिणंच प्रामाणिक.

जन्म, मृत्यू आणि आरोग्य

जन्म-मृत्यूंविषयी तीन निरनिराळे स्रोत आहेत आणि तिघांचं काम वेगळं आहे. नागरी नोंदणी पद्धतीत ग्रामपंचायत किंवा पालिकेत नोंदवलेले जन्म-मृत्यू मोजले जातात. ही नोंद घटना जिथे घडली तिथे होते. त्यामुळे मोठी रुग्णालयं असलेल्या शहरात आजूबाजूच्या तालुक्यांतली बाळंतपणंही मोजली जातात आणि त्या शहराचा जन्मदर उगाच फुगतो. दुसरी नमुना नोंदणी पद्धत: निवडलेल्या गावांत आणि वस्त्यांत सतत नोंदी ठेवून जन्मदर, मृत्युदर, अर्भक मृत्युदर काढला जातो. राज्यपातळीवरच्या वार्षिक दरांसाठी हाच आधार धरतात. तिसरं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. आरोग्य मंत्रालयासाठी ते मुंबईत देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था राबवते.

या सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, सुमारे ६ लाख ३७ हजार कुटुंबांत माहिती घेतली गेली. निकाल आले आणि एका आकड्याने धुमाकूळ घातला: देशात दर हजार पुरुषांमागे १,०२० स्त्रिया. स्त्रियांची संख्या पुरुषांहून जास्त झाली, असे मथळे झळकले. तक्ता जवळून वाचला की चित्र बदलतं. हे गुणोत्तर सर्वेक्षणाच्या आदल्या रात्री घरात मुक्कामाला असलेल्या माणसांचं होतं. कामासाठी परगावी झोपडीत राहणारे मजूर, सैन्याच्या बराकी, वसतिगृहं यांतले पुरुष कुटुंबांच्या यादीत येत नाहीत. त्याच फेरीत, त्याच तक्त्याच्या आसपास, गेल्या पाच वर्षांतल्या जन्मांवेळचं लिंग गुणोत्तर दिलेलं आहे. ते ९२९ आहे. मुलींच्या जन्माविषयी लिहायचं असेल तर हाच रकाना आपल्या कामाचा.

या सर्वेक्षणाची जिल्हावार तथ्यपत्रकं फार उपयोगी आहेत. त्यांत काही आकडे कंसात दिसतात आणि काही जागी नुसती चांदणी असते. कंसातला आकडा फक्त २५ ते ४९ नमुन्यांवर आधारलेला असतो. नमुने २५ हूनही कमी असतील तर आकडा न छापता चांदणी दिली जाते. नक्कल करताना कंस गळून पडतात आणि डळमळीत आकडा ठाम होऊन बसतो. तळटीप वाचल्याशिवाय तक्ता बंद करायचा नाही, हा नियम इथूनच शिकावा.

काम आणि बेकारी

बेरोजगारीच्या अधिकृत आकड्यांचं घर म्हणजे सांख्यिकी व कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालयाचं नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण. २०१७ मध्ये ते सुरू झालं आणि २०२५ पासून त्याचे मासिक अंदाजही येऊ लागले. जुलै २०२३ ते जून २०२४ या वर्षासाठी त्याने पंधरा वर्षांवरच्या व्यक्तींचा बेरोजगारी दर ३.२ टक्के दिला आणि ४.९ टक्केही दिला. वर्ष तेच, सर्वेक्षण तेच. पहिल्यात गेल्या ३६५ दिवसांत माणूस बहुतेक काळ काय करत होता ते पाहतात, आणि वर्षात तीसेक दिवस केलेलं दुय्यम कामही धरतात. दुसऱ्यात फक्त मागचे सात दिवस पाहतात, आणि त्यांत एखाद्या दिवशी तासभर जरी काम मिळालं असेल तरी माणूस कामावर आहे असं मानतात. वर्षभराच्या मापात हंगामी शेतमजूर रोजगारातला ठरतो. आठवड्याच्या मापात तो उन्हाळ्यात बेकार दिसू शकतो.

खासगी संस्थांचे आकडे यांहून आणखी वेगळे निघतात, कारण त्यांची व्याख्या वेगळी असते. एका रेषेवर सरकारी आणि खासगी आकडे आलटून पालटून मांडणं, ही तुलना नव्हे. शिवाय बेरोजगारी दराचा छेद एकूण लोकसंख्या नसतो. तो काम करणारे आणि काम शोधणारे यांची बेरीज असतो. काम शोधणंच सोडून दिलेली स्त्री या हिशेबातून बाहेर पडते आणि दर कमी दिसतो. म्हणून बेरोजगारी दरासोबत श्रमशक्ती सहभाग दर पाहणं सक्तीचं समजावं.

महागाईचे तीन निर्देशांक

'महागाई निर्देशांक' नावाचा एकच आकडा नाही. ग्राहक किंमत निर्देशांक सांख्यिकी मंत्रालय देतं, साधारणपणे दर महिन्याच्या १२ तारखेला. रिझर्व्ह बँक व्याजदर ठरवताना पाहते तो हाच. औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक श्रम मंत्रालयाचं श्रम कार्यालय काढतं, आणि केंद्रीय कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता त्याला बांधलेला असतो. घाऊक किंमत निर्देशांक वाणिज्य व उद्योग मंत्रालयाच्या आर्थिक सल्लागारांचं कार्यालय देतं. कंत्राटातलं दरवाढीचं कलम असो की भत्त्याचा हिशेब, आधी कोणता निर्देशांक अभिप्रेत आहे ते कागदावर पाहावं.

निर्देशांकाला पायाभूत वर्ष असतं, म्हणजे ज्या वर्षाच्या किमती १०० धरल्या ते वर्ष. पाया बदलला की मालिका तुटते. औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकाचा पाया २००१ वरून २०१६ वर आला तेव्हा सांधणारा गुणक २.८८ ठरला. नव्या निर्देशांकाला २.८८ ने गुणलं की जुन्या मालिकेतली किंमत मिळते. ग्राहक किंमत निर्देशांकासाठीही सांख्यिकी मंत्रालयाने २०१२ च्या जागी २०२४ हे नवं पायाभूत वर्ष ठरवलं. लांब पल्ल्याचा आलेख काढताना मध्येच रेषा धाडकन खाली कोसळली, तर किमती पडल्या असं मानण्याआधी पाया तपासावा.

महागाईचा दर घसरला म्हणून किमती उतरल्या, हाही नेहमीचा गोंधळ. समजा निर्देशांक एका वर्षी १०० वरून १०८ झाला आणि पुढच्या वर्षी १०८ वरून ११२. दर आठ टक्क्यांवरून चारच्याही खाली आला, तरी बाजारातली पिशवी महागच झाली.

उत्पन्नाचा आकडा आणि त्याची तारीख

देशाच्या आर्थिक वाढीचा आकडा एकदाच जाहीर होऊन संपत नाही. २०२३-२४ ची वाढ जानेवारी २०२४ मधल्या पहिल्या आगाऊ अंदाजात ७.३ टक्के होती. फेब्रुवारीत ती ७.६ झाली, मे अखेरीस ८.२, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पहिल्या सुधारित अंदाजात ९.२ टक्के. सुरुवातीचा अंदाज हाताशी असलेल्या काही महिन्यांच्या माहितीवर बेतलेला असतो. कंपन्यांचे हिशेब, उद्योगांची वार्षिक पाहणी, सरकारी खर्चाचे प्रत्यक्ष आकडे मागाहून येतात आणि चित्र बदलतं. त्यामुळे वाढीचा आकडा लिहिताना तो कोणत्या तारखेचा, कितवा अंदाज, हे त्याच वाक्यात यायला हवं. एका वर्षाचा आगाऊ अंदाज आणि दुसऱ्या वर्षाचा अंतिम आकडा शेजारी ठेवून 'वाढ मंदावली' म्हणणं धोक्याचं.

पायाभूत वर्षाचा हिसका इथे आणखी मोठा बसतो. जानेवारी २०१५ मध्ये २०११-१२ च्या पायावर नवी मालिका आली आणि २०१३-१४ ची वाढ ४.७ वरून ६.९ टक्के झाली. पाया बदलला आणि पद्धतही बदलली. दोन मालिकांतले आकडे एका रांगेत लावू नयेत.

चालू किमती आणि स्थिर किमती हाही फरक डोळ्यांत तेल घालून पाहावा. २०२३-२४ चं स्थूल देशांतर्गत उत्पादन मे २०२४ च्या अंदाजात चालू किमतींना २९५.३६ लाख कोटी रुपये होतं, तर २०११-१२ च्या स्थिर किमतींना १७३.८२ लाख कोटी. अर्थव्यवस्थेचा आकार, कर्जाचं किंवा कराचं प्रमाण सांगताना चालू किमती घ्याव्यात. खरी वाढ सांगताना स्थिर.

हे सगळं सांख्यिकी मंत्रालयाच्या 'ई-सांख्यिकी' या संकेतस्थळावर शोधता आणि उतरवून घेता येतं. २९ जून २०२४ रोजी, प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या जयंतीला साजऱ्या होणाऱ्या सांख्यिकी दिनी, ते सुरू झालं. पैसा, बँका, परकीय चलन, राज्यांचं कर्ज यांसाठी रिझर्व्ह बँकेचा भारतीय अर्थव्यवस्थेचा विदासंच पाहावा. बँकेची राज्यांविषयीची सांख्यिकी पुस्तिका तर राज्याराज्यांत तुलना करणाऱ्याचं निम्मं काम वाचवते, कारण निरनिराळ्या खात्यांचे आकडे तिथे एकाच साच्यात मांडलेले असतात.

आपलं राज्य, आपला जिल्हा

महाराष्ट्रासाठी पहिलं दार अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं. दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आधी येणारी 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' तेच तयार करतं, आणि ती मराठीतही असते. तिच्यात जिल्हावार दरडोई उत्पन्नाचा तक्ता असतो. तो वाचताना लक्षात घ्यावं की जिल्ह्याचं उत्पन्न म्हणजे तिथल्या माणसाच्या खिशातली सरासरी रक्कम नव्हे. कारखाने किंवा मोठा वीज प्रकल्प असलेल्या जिल्ह्याचा आकडा वर जातो, पण त्यातला नफा दुसऱ्या शहरात पोचलेला असू शकतो.

याच संचालनालयाचं 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' हे फारसं कुणी न उघडणारं पण हाताशी ठेवावं असं प्रकाशन आहे. पाऊस, जमिनीचा वापर, पिकं, सहकारी संस्था, बँका, शाळा यांची तालुकावार माहिती त्यात मराठीत मिळते. गोव्यात हेच काम नियोजन, सांख्यिकी व मूल्यमापन संचालनालय करतं.

शेतमालाच्या भावासाठी राज्य कृषी पणन मंडळाचं संकेतस्थळ रोजच्या रोज बाजार समित्यांचे दर देतं. कांद्याची एक ओळ जवळून पाहा. जात, परिमाण, आवक, मग कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर. बातमीत बहुधा जास्तीत जास्त दर झळकतो, जो दोन-चार गोण्यांनाही मिळालेला असू शकतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वसाधारण दर महत्त्वाचा, कारण बहुतेक माल त्या भावाला गेलेला असतो. कमाल-किमान दरांची सरासरी म्हणजे सर्वसाधारण दर नव्हे. आणि एका महिन्याचा भाव काढायचा तर रोजच्या दरांची सरळ सरासरी न काढता त्याला आवकेचं वजन द्यावं. नाहीतर शंभर क्विंटल आवकेचा दिवस आणि वीस हजार क्विंटलांचा दिवस सारखेच मोजले जातात. लाल आणि उन्हाळी कांद्याच्या ओळी एकत्र करू नयेत, हे तर शेतकऱ्याला सांगायलाच नको.

शेतीच्या आणखी एका आकड्यावर नेहमी वाद होतो. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात सरासरी वहिती क्षेत्र १.३४ हेक्टर आहे. हे सातबाऱ्यावरच्या मालकीचं क्षेत्र नव्हे. एकत्र कसली जाणारी जमीन एक वहिती मानली जाते, मग ती कुणाच्याही नावावर असो.

देशादेशांची तुलना

बाहेरच्या देशांशी तुलना करताना प्रत्येक देशाच्या सांख्यिकी खात्यातून आकडे गोळा करत बसू नये, कारण व्याख्या जुळत नाहीत. जागतिक बँकेचा खुला विदासंच, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा एप्रिल आणि ऑक्टोबरमधला जागतिक आर्थिक दृष्टिक्षेप, संयुक्त राष्ट्रांची लोकसंख्या प्रक्षेपणं आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा विदासंच या चार जागा पुरेशा आहेत. जागतिक बँकेकडे भारताचं आर्थिक वर्ष २०२३-२४ हे '२०२३' या रकान्यात असतं. हे ठाऊक नसेल तर सगळी मालिका एक वर्षाने सरकते. दरडोई उत्पन्नाच्या तक्त्यात 'क्रयशक्ती समता' असे शब्द असतील तर तो आकडा बाजारातल्या विनिमय दराने काढलेल्या आकड्याच्या कितीतरी पट मोठा दिसतो. दोन्ही बरोबर आहेत, पण ते एकमेकांशेजारी ठेवायचे नसतात.

उतरवून घेताना

आकड्यांतल्या बहुतेक चुका शोधताना होत नाहीत, नक्कल करताना होतात. एक मिलियन म्हणजे दहा लाख, एक बिलियन म्हणजे शंभर कोटी, एक ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी. ही तीन समीकरणं चिठ्ठीवर लिहून पडद्याशेजारी लावावीत. तक्त्याच्या कोपऱ्यात 'हजारांत' किंवा 'कोटींत' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ते वगळलं की आकडा हजारपटीने किंवा कोटीपटीने चुकतो. पीडीएफमधून चिकटवताना रकाने सरकतात, म्हणून एक्सेल उपलब्ध असेल तर तेच घ्यावं आणि शेवटी बेरीज करून मूळ तक्त्यातल्या एकूण आकड्याशी जुळवावी.

शोधयंत्र वापरायचंच असेल तर शोधाला सरकारी संकेतस्थळांची मर्यादा घालावी आणि फाइलचा प्रकार एक्सेल निवडावा. बातमीत आकडा दिसला तर पत्र सूचना कार्यालयाचं मूळ प्रसिद्धिपत्रक काढून पाहावं. ते बरेचदा मराठीतही असतं. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला आकडा विचारू नये, तो कोणत्या तक्त्यात मिळेल ते विचारावं आणि तक्ता स्वतः उघडावा. सरकारी दुवे बदलतात, पानं नाहीशी होतात. म्हणून फाइल उतरवून तिच्या नावात प्रकाशनाची आणि उतरवल्याची तारीख घालावी. हरवलेलं पान इंटरनेट अर्काइव्हच्या जुन्या नोंदींत कधीकधी सापडतं.

नोंद कशी ठेवावी, त्याचा एक नमुना: 'जनगणना २०११, अंतिम आकडे, ठाणे जिल्हा, पालघर वेगळा होण्याआधीच्या हद्दीनुसार, १,१०,६०,१४८.' इतकी एक ओळ असली की वर्षभराने कुणी विचारलं तरी उत्तर देता येतं.

अधिकृत म्हणजे अंतिम सत्य?

नाही. २०१७-१८ च्या उपभोग खर्च सर्वेक्षणाचे निकाल माहितीच्या दर्जाचं कारण देऊन जाहीर न करण्याचा निर्णय सांख्यिकी मंत्रालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये घेतला. पुढचे निकाल २०२२-२३ च्या फेरीचे आले. मधली वर्षं गरिबीविषयी जो तो आपापल्या पद्धतीने अंदाज बांधत होता. सरकारी आकड्यालाही उशीर, दबाव आणि चुका असतात. पण त्याची पद्धत, व्याख्या आणि नमुन्याचा आकार छापलेला असतो, आणि बऱ्याच सर्वेक्षणांची मूळ नोंदवही संशोधकांसाठी खुली असते. त्याला आव्हान देता येतं. व्हॉट्सॲपवर आलेल्या आकड्याला आव्हान द्यायलाही काही हाताशी नसतं.

आणि काही आकडे कुणी मोजलेलेच नसतात. तुमच्या गावाचा या वर्षीचा बेरोजगारी दर, तालुक्याची महागाई, प्रभागाचं दरडोई उत्पन्न असे तक्ते अस्तित्वातच नाहीत, कारण नमुना पाहण्या इतक्या खाली उतरत नाहीत. अहवालात अशा जागी 'या पातळीवर अधिकृत माहिती उपलब्ध नाही, जिल्ह्याचा किंवा राज्याचा आकडा दिला आहे' असं सरळ लिहावं. जिल्हा सांख्यिकी कार्यालयात विचारावं, माहिती अधिकारात अर्ज करावा, किंवा गावातल्या शंभर घरांत स्वतः फिरून मोजावं आणि कसं मोजलं ते लिहावं. त्यानंतर कुणी गावाच्या बेकारीचा टक्का दशांशापर्यंत सांगू लागला, तर तो कोणी मोजला एवढंच विचारा.